तोल सांभाळणारे यंत्र : प्रस्तावना

एकाच आसावर बसविलेली दोन चाके, त्यांवर उभा केलेला हलका सांगाडा, सांगाड्यात बॅटरी, दोन मोटारी, कल मोजणारा नखाएवढा संवेदक आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा तळहाताहून लहान संगणक, एवढ्या मोजक्या साहित्यातून जे यंत्र सिद्ध होते ते विजेचा प्रवाह तुटताच कोसळते. आणि प्रवाह चालू आहे तोवर, कोणी हलका धक्का दिला, जमीन किंचित उंचसखल लागली अथवा माथ्यावर थोडे ओझे ठेवले, तरी ते उभेच राहते. सेल्फ-बॅलन्सिंग रोबोट या नावाने सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रास उभे ठेवणारी नियंत्रण-प्रणाली कशी रचावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. त्यातील गणित, विद्युत्-मंडले आणि संगणकाच्या आज्ञावल्या यांचा तपशील पुढील प्रकरणांत यथाक्रम येईलच. परंतु त्या तपशिलाच्या तळाशी जो एक विचार आहे तो आरंभीच स्पष्ट शब्दांत मांडणे मला अगत्याचे वाटते. तोल ही एकदा संपादन केली की जवळ बाळगता येणारी मालमत्ता नव्हे. ती क्षणोक्षणी नव्याने करावी लागणारी कृती आहे, आणि त्या कृतीचे यश मोटारीच्या बळापेक्षा खऱ्या मोजमापावर आणि ते मोजमाप वेळेवर हाती येण्यावर अधिक अवलंबून असते. ज्याला ही गोष्ट पटली त्याला या विषयातील पुष्कळशी समीकरणे ओळखीची वाटू लागतील. ज्याला ती पटली नाही त्याने कितीही महाग मोटार आणली तरी त्याचे यंत्र फार वेळ उभे राहणार नाही.

स्थैर्य आणि अस्थैर्य यांतील भेद समजून घेण्यास गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीच्या वाचकास दूर जावयास नको. गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांत कोहळी समाजाच्या कर्तृत्वाने उभे राहिलेले, पुढे मालगुजारांच्या अंमलाखाली आलेले आणि मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर शासनाच्या दप्तरी ‘माजी मालगुजारी’ म्हणून नोंदले गेलेले जे तलाव आहेत, त्यांपैकी कोणत्याही तलावाचा सांडवा पाहावा. पावसाळ्यात तलाव भरला की पाणी सांडव्यावरून वाहू लागते. पातळी जितकी चढेल तितका विसर्ग वाढतो, विसर्ग वाढला की पातळी उतरते, आणि कोणी पाहणारा नसतानाही तलाव आपली उंची राखतो. विचलन घडताच त्याच्या विरुद्ध कार्य करणारे कारण येथे रचनेतच अंतर्भूत आहे, म्हणून ही रचना स्वभावतः स्थिर होय. तुडुमाची, म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडणाऱ्या दाराची, गोष्ट थोडी निराळी आहे: बांध्यांतील धानाला पाणी किती हवे हे पाहून कोणीतरी ते उघडावे अथवा बंद करावे लागते, म्हणजे परिणाम पाहून कारणात फेरफार करणारा मनुष्य तेथे लागतो, तथापि पातळी सावकाश बदलत असल्याने त्याला विचार करावयास भरपूर अवकाश मिळतो. दोन चाकांच्या यंत्रापाशी या दोन्ही सवलती नाहीत. त्याचा कल वाढला की त्याला पाडणारा जोरही वाढतो, म्हणजे विचलनच विचलनास खतपाणी घालते. आणि ते रोखण्यास मिळणारी मुदत सेकंदाच्या एका लहानशा भागाची असते. सांडव्याचा उपजत गुण ज्याच्या ठायी नाही आणि तुडुमावरील माणसाची सवड ज्याला मिळत नाही, अशा यंत्राकरिता ही दोन्ही कामे संगणकाकडून करवून घेणे, हे नियंत्रण-प्रणालीचे प्रयोजन होय.

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हे यंत्र म्हणजे उलटा लंबक. घड्याळाचा लंबक टांगलेला असतो. त्याला बाजूस सारले की गुरुत्वाकर्षण त्याला मध्यभागी परत आणते. तोच लंबक उलटा उभा केला की तेच गुरुत्वाकर्षण त्याला मध्यापासून दूर नेते, आणि समीकरणात बदलते ते केवळ एक चिन्ह. परंतु त्या एका चिन्हाने आंदोलनाच्या जागी घातांकी वाढ येते. लंबकाची परिणामी लांबी १० सेंटिमीटर धरली, तिला गुरुत्व-त्वरणाने भागले आणि भागाकाराचे वर्गमूळ काढले, तर या वाढीचा कालांक, म्हणजे कल किती झपाट्याने वाढतो हे सांगणारा काळ, सुमारे ०.१ सेकंद येतो. आरंभी १ अंश कललेले असे यंत्र, मोटारी स्वस्थ राहिल्या तर, ०.३ सेकंदात सुमारे १० अंश कललेले आढळेल. परिणामी लांबी १ मीटर केली तर हाच कालांक ०.३२ सेकंद होतो. तळहातावर लांब काठी उभी धरणे सरावाने साधते आणि पेन्सिल उभी धरणे साधत नाही याचे कारण हेच आहे. डोळ्याने पाहून हात हलविण्यास मनुष्यास सुमारे ०.२ सेकंद लागतात, काठीचा कालांक त्याहून मोठा आहे आणि पेन्सिलीचा त्याहून लहान. येथून रचनाकारास जो पहिला धडा मिळतो तो नवशिक्याच्या अपेक्षेच्या नेमका विरुद्ध आहे. उंच यंत्र बुटक्या यंत्रापेक्षा सावकाश पडते. म्हणून बॅटरीसारखी जड वस्तू तळाशी न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवल्यास नियंत्रकाला अधिक मुदत मिळते. मात्र वजन वर नेल्याने मोटारींवरचा भारही वाढतो, आणि म्हणून हा निर्णय टॉर्कचा हिशेब पुरता मांडूनच घ्यावयाचा असतो.

पडणाऱ्या यंत्राला सावरावयाचे ते पडण्याच्या दिशेनेच चाके पळवून, म्हणजे पुढे झुकलेल्या गुरुत्वमध्याखाली आधार पुन्हा नेऊन ठेवून. कल ५ अंशांचा असेल तर आधाराला त्याच दिशेने प्रतिसेकंद प्रतिसेकंद ०.८६ मीटरहून अधिक त्वरण दिले तरच सावरण्यास आरंभ होतो. कल ३० अंशांवर गेला तर हीच मागणी सुमारे ५.७ मीटरवर जाऊन पोहोचते, आणि लहान मोटारींच्या मगदुराबाहेर जाते. कलाच्या प्रमाणात त्वरण द्यावे असा साधा नियम ठरविला, तर त्या प्रमाणाचा गुणांक, कल रेडियनमध्ये मोजला असता, ९.८१ या गुरुत्व-त्वरणाच्या अंकाहून मोठा असावा लागतो. त्याहून तो लहान असेल तर नियंत्रण चालू असूनही यंत्र पडते. फरक एवढाच की ते अधिक सावकाश पडते. तो पुरेसा मोठा असेल आणि दुसरी कोणतीही तजवीज केलेली नसेल, तर यंत्र पडत नाही, पण पुढेमागे झुलत राहते. हे झुलणे शमविण्यासाठी कल किती आहे याच्या जोडीला तो किती वेगाने बदलत आहे हेही विचारात घ्यावे लागते. या दोन गुणांकांची खालची मर्यादा गुरुत्वाकर्षण ठरविते आणि वरची मर्यादा मोजमापातील व मोटारीतील विलंब ठरवितो; विलंब जसजसा वाढतो तसतशा या दोन मर्यादा एकमेकींजवळ येतात, आणि एका टप्प्यानंतर त्यांच्यामध्ये उभे राहण्यास जागाच उरत नाही. या पुस्तकातील निम्म्याहून अधिक प्रकरणे वस्तुतः ही जागा रुंद कशी करावी याच एका प्रश्नाचा विचार करतात.

परिणाम मोजून त्याची वार्ता पुन्हा कारणाकडे नेण्याच्या या पद्धतीला प्रत्याभरण म्हणतात, आणि तिचा इतिहास रोबोटांच्या इतिहासाहून पुष्कळ जुना आहे. १७८८ मध्ये जेम्स वॉट याने वाफेच्या इंजिनाचा वेग आवरण्यासाठी फिरत्या गोळ्यांचा नियामक वापरात आणला. परंतु असे नियामक लावलेली काही इंजिने एकसारख्या वेगाने चालण्याऐवजी आळीपाळीने धावू आणि मंदावू लागली, आणि सुधारण्यासाठी केलेली योजनाच बिघाडाला कारण होते ती का, हा प्रश्न उभा राहिला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये नियामकांवर लिहिलेल्या निबंधात त्याचे गणिती विवेचन केले. रूथ याने १८७७ मध्ये आणि हुर्विट्झ याने १८९५ मध्ये स्थैर्याच्या कसोट्या सिद्ध केल्या. रशियात ल्यापुनोव्ह याने १८९२ मध्ये स्थैर्याच्या संकल्पनेलाच अधिक व्यापक आणि काटेकोर रूप दिले. १९२२ मध्ये मिनोर्स्की याने जहाजाचे सुकाणू आपोआप वळविण्याचा विचार करताना अनुभवी सुकाणूधारी कसा वागतो याकडे लक्ष दिले. चूक किती आहे, ती किती वेगाने वाढते आहे आणि किती काळ साचून राहिली आहे, या तीन गोष्टींवरून सुकाणू वळविण्याचा जो नियम त्याने मांडला तोच आज पीआयडी या नावाने कारखान्यांतील भट्ट्यांपासून ड्रोनपर्यंत सर्वत्र राबतो आहे. १९६० मध्ये काल्मन याने यंत्राच्या संपूर्ण अवस्थेचा एकत्र विचार करणारी आणि गोंगाटातून खरे मोजमाप वेगळे काढणारी जी पद्धती दिली, तिच्याविना आजचे अवकाशशास्त्र चालणार नाही.

स्वभावतः अस्थिर वाहनाला यंत्राने उभे ठेवण्याचा हव्यासही जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. लुई ब्रेनन याने एकाच रुळावर, भिरभिरणाऱ्या जायरोस्कोपच्या साहाय्याने उभी राहणारी गाडी तयार करून १९०९ मध्ये इंग्लंडात चालवून दाखविली. तिच्या प्रयोगांना लंडनच्या इंडिया ऑफिसने आणि काश्मीर दरबारानेही द्रव्यसाहाय्य केले होते, कारण डोंगराळ सरहद्दीवर अशा रुळाचा उपयोग होईल अशी आशा होती. ती योजना पुढे सरकली नाही. १९८० च्या दशकात जपानमध्ये काझुओ यामाफुजी यांनी समांतर दोन चाकांच्या स्वसंतुलित यंत्रावर काम केले. २००१ च्या डिसेंबरात डीन केमेन यांनी सेगवे हे माणसाला वाहून नेणारे वाहन जगापुढे आणले. आणि २००२ मध्ये लोझान येथील तंत्रशास्त्र संस्थेतील संशोधकांनी ‘जो’ नावाच्या लहान यंत्राचे जे विवेचन प्रसिद्ध केले त्याचा आधार आजही अनेक विद्यार्थी घेतात. सेगवेचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. परंतु ज्या तत्त्वावर ते उभे होते ते तत्त्व अधिकाधिक स्वस्त होत विद्यार्थ्यांच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचले.

याच तत्त्वाचे भव्य रूप अग्निबाणात दिसते, कारण तळाशी लावलेल्या जोरावर उंच उभा राहणारा अग्निबाण हाही एक प्रकारे उलटा लंबकच होय. १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताच्या एसएलव्ही-३ या यानाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले ते त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतील एका झडपेच्या दोषामुळे; आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच रचनेच्या यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. त्या वेळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या संचालकपदी वसंत गोवारीकर होते, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी आहे. पहिल्या उड्डाणाच्या वेळी इंधन पुरेसे होते, जोर पुरेसा होता. परंतु हुकमाप्रमाणे वागणारी एक झडप जागच्या जागी अडकली तर सर्व सामर्थ्य व्यर्थ जाते, हा त्या पहिल्या उड्डाणाचा बोध टेबलावरील दोन चाकांच्या यंत्रालाही तितकाच लागू पडतो.

आता विषयाच्या गाभ्याकडे वळू. या यंत्राची अवस्था सांगण्यास चार राशी लागतात: सांगाड्याचा कल, त्या कलाचा वेग, चाकांचे स्थान आणि चाकांचा वेग. सरळ रेषेतील हालचालीचा विचार करताना मात्र रचनाकाराच्या हाती सूत्र एकच असते, ते म्हणजे मोटारींना द्यावयाचा विद्युत्-दाब. एका सूत्राने चार राशींवर अंमल बसवावयाचा असल्यामुळे त्यांच्यातील परस्परसंबंध समजून घेणे अपरिहार्य होते, आणि हे संबंध कधीकधी विस्मयकारक असतात. यंत्राला पुढे जावयाचे असेल तर चाके प्रथम किंचित मागे जावी लागतात. त्यायोगे सांगाडा पुढे झुकतो आणि मग त्या झुकावाखाली धावत चाके पुढे निघतात. थांबावयाचे असेल तर प्रथम क्षणभर अधिक वेगाने धावून सांगाडा मागे झुकवावा लागतो. ज्याला हे ठाऊक नाही तो या उलट्या हालचालीला दोष समजतो आणि ती दडपण्याच्या खटपटीत तोल घालवितो. वस्तुतः ती हालचाल या यंत्राच्या प्रकृतीचा भाग आहे आणि कोणत्याही चतुराईने ती नाहीशी करता येत नाही. रचनाकाराने एवढेच करावयाचे की स्थानाविषयीची आपली मागणी उतावळी असू द्यावयाची नाही.

मोजमापाचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत दीर्घ आहे, आणि ते हेतुपूर्वक दीर्घ ठेवले आहे. विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा पडणारा एमपीयू-६०५० हा संवेदक दोन निराळ्या प्रकारचे साक्षीदार एकाच चकतीवर बाळगतो. त्यातील त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवितो, म्हणून दीर्घकाळाच्या दृष्टीने तो विश्वसनीय आहे; परंतु मोटारींची थरथर आणि यंत्राचे स्वतःचे त्वरण यांनाही तो गुरुत्वाकर्षणात मिसळतो, म्हणून क्षणाच्या दृष्टीने त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. जायरोस्कोप कोनीय वेग तत्परतेने आणि स्वच्छ सांगतो. परंतु त्याच्या शून्यात दर सेकंदास ०.१ अंशाचा जरी फरक असला तरी त्या वेगाची बेरीज करून काढलेला कल एका मिनिटात ६ अंशांनी खोटा ठरतो. म्हणून अल्पकाळासाठी जायरोस्कोपवर आणि दीर्घकाळासाठी त्वरणमापकावर भिस्त ठेवून दोघांची साक्ष एकत्र करावी लागते. याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पूरक गाळणी: दर १० मिलिसेकंदांनी जायरोस्कोपवरून काढलेल्या कलाला ०.९८ आणि त्वरणमापकाच्या कलाला ०.०२ इतके वजन द्यावे, की दोघांमधील सीमारेषा सुमारे अर्ध्या सेकंदावर पडते. काल्मनची गाळणी हेच काम अधिक सूक्ष्म न्यायाने करते. कोणतीही गाळणी वापरली तरी ती मोजमाप स्वच्छ करताना थोडा विलंबही पदरात टाकते. आणि अस्थिर यंत्रापाशी विलंब हा किती महागाचा सौदा आहे हे वर सांगितलेच आहे. स्वच्छता आणि तत्परता यांतील ही देवघेव जाणून घेतल्यावाचून गुणांक बदलीत बसणे म्हणजे निदानावाचून औषध देणे होय.

नियंत्रकाच्या रचनेत मी दोन मार्गांचे विवेचन केले आहे. पहिला मार्ग दुहेरी वर्तुळाचा. आतील वर्तुळ कल सांभाळते आणि ते वेगवान असते. बाहेरील वर्तुळ चाकांचा वेग पाहून आतील वर्तुळाला किती कल राखावा याचा हुकूम देते आणि ते सावकाश चालते. या बाहेरील वर्तुळाची आवश्यकता कोठून उद्भवते ते अनुभवाने लवकर कळते. संवेदक सांगाड्यावर अर्धा अंश तिरपा बसला असेल तर केवळ कल सांभाळणारे यंत्र त्या खोट्या शून्याला खरे मानून एकाच दिशेने वेग घेत सुटते आणि अखेर मोटारींची मर्यादा गाठून कोसळते. वेगावर नजर ठेवणारे वर्तुळ असेल तर ते ही चूक ओळखून शून्याची दुरुस्ती आपणहून करते. दुसरा मार्ग चारही राशींना एकाच वेळी गुणांक देण्याचा, ज्याला एलक्यूआर म्हणतात. त्यात रचनाकार गुणांक स्वतः ठरवीत नाही. कलाची चूक किती असह्य, स्थानाची चूक किती असह्य आणि वीज किती मोलाची, हे तो सांगतो, आणि या तिन्ही गोष्टींचा एकूण खर्च कमीतकमी राखणारे गुणांक गणिताने काढले जातात. पहिला मार्ग हाताला वळण लावतो, दुसरा विचाराला. माझ्या मते विद्यार्थ्याने पहिल्यावर यंत्र उभे करावे आणि मग दुसऱ्यावर ते पुन्हा उभे करून दोहोंच्या वर्तनाची तुलना करावी.

कागदावरील नियंत्रक आणि टेबलावरील यंत्र यांच्यामध्ये जे अंतर पडते त्याची कारणे बहुधा साधी असतात, म्हणूनच ती दुर्लक्षिली जातात. अर्डुइनो उनोचा संगणक एका सेकंदात १ कोटी ६० लाख ठोके देतो, म्हणजे ५ मिलिसेकंदांच्या एका फेरीत त्याला ८०,००० ठोके मिळतात. एवढ्या अवकाशात नियंत्रणाचे गणित सहज पार पडते. परंतु त्याच फेरीत पडद्यावर मजकूर पाठविण्याचे काम घातले, अथवा आज्ञावलीत कोठे ‘थांब’ अशी आज्ञा राहून गेली, तर फेरी कधी ५, कधी २० मिलिसेकंदांची होते आणि ज्या कालावधीवर सर्व गणित आधारलेले आहे तोच खोटा ठरतो. गिअर असलेल्या स्वस्त मोटारीत दिशा बदलताना दात्यांत थोडी मोकळीक असते, आणि अगदी कमी दाबावर ती हलतच नाही. तोलाच्या अगदी जवळ, जेथे लहान दुरुस्त्या हव्या असतात, तेथेच ती बधिर असते, आणि यंत्र बारीक थरथरत राहते. एल२९८ या जुन्या चालकमंडलात सुमारे दोन व्होल्टचा दाब वाटेतच खर्ची पडतो. लिथियम-आयन सेल पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट देतो आणि वापराबरोबर त्याचा दाब उतरतो. म्हणून सकाळी नीट उभे राहिलेले यंत्र तासाभराने सैलावते, आणि विद्यार्थी निष्कारण गुणांकांना दोष देऊ लागतो. बॅटरीचा दाब मोजून त्या प्रमाणात आज्ञा वाढविण्याची तरतूद आज्ञावलीत केली, तर हा भ्रम टळतो.

म्हणून या पुस्तकात मी कामाचा एक शिरस्ता घालून दिला आहे आणि वाचकाने तो मोडू नये अशी विनंती आहे. प्रथम वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांची त्रिज्या यांची मोजणी करून कालांक काढावा. मग मोटारीचा टॉर्क किती अंशांपर्यंत यंत्र सावरू शकेल ते हिशेबाने ठरवावे. मग चाके जमिनीपासून उचलून केवळ संवेदकाची तपासणी करावी, आणि हाताने दिलेला कल पडद्यावर विलंबावाचून व चुकीवाचून दिसतो याची खात्री झाल्यावरच मोटारींना वीज द्यावी. गुणांकात एका वेळी एकच फेरफार करावा आणि प्रत्येक फेरफाराची, त्या वेळच्या बॅटरीच्या दाबासह, वहीत नोंद ठेवावी. अंदाजाने गुणांक बदलीत राहिल्यास यंत्र कधीतरी उभे राहतेही; परंतु ते का उभे राहिले हे ठाऊक नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी ते का पडले हेही कळत नाही, आणि असे ज्ञान दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

हे पुस्तक मराठीत आणि सडक अर्जुनीत बसून लिहिले गेले याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाकरिता, तलावांकरिता आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या अरण्याकरिता ओळखला जातो. यंत्रविद्येकरिता त्याचे नाव सहसा घेतले जात नाही. सडक अर्जुनी तालुक्यातून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो आणि सौंदडवरून गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग जातो, परंतु या वाटांनी येथील तंत्रकुशल मुले बाहेर जातात आणि यंत्रे तयार होऊन आत येतात, हा क्रम अद्याप बदललेला नाही. तो बदलण्यास ज्या विषयांची मदत होईल त्यांत हा विषय मी अग्रभागी ठेवतो, कारण त्याला मोठी कार्यशाळा लागत नाही, त्याचे साहित्य सामान्य कुटुंबातील विद्यार्थ्यांनी मिळून वर्गणी काढल्यास आवाक्यात येते, आणि तरीही त्यात गतिशास्त्र, विद्युत्-शास्त्र, संगणक आणि उच्च गणित ही चारही शास्त्रे एका लहानशा सांगाड्यात भेटतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने चालविलेल्या ई-यंत्र या उपक्रमाने २०१९-२० च्या आपल्या रोबोटिक्स स्पर्धेत ‘बायपेड पॅट्रोल’ या नावाने दोन चाकांच्या स्वसंतुलित यंत्राचाही एक विषय ठेवला होता, आणि त्यात ऑक्टेव्ह या मुक्त प्रणालीत उलट्या लंबकाचे गणित सोडविण्याचा पाठही अंतर्भूत होता. गणित आधी आणि सांगाडा नंतर, हा क्रम मला अत्यंत योग्य वाटतो.

भाषेचा प्रश्नही आता पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. मुंबईच्या त्याच तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सायलॅबसारख्या मुक्त प्रणालींचे पाठ मराठीत उपलब्ध करून दिले आहेत, आणि २०२१ पासून पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून देण्यास आरंभ केला. तथापि नियंत्रणशास्त्रावर मराठीत सलग, हाताने करून पाहता येईल असे लेखन हवे, आणि ती गरज काही अंशी भागविण्याचा हा प्रयत्न आहे. बाजारात, प्रयोगशाळेत आणि आज्ञावलीत जे शब्द प्रत्यक्ष वापरले जातात ते मी तसेच ठेवले आहेत, कारण दुकानात मोटार मागताना विद्यार्थ्याला ज्या नावाने ती मिळते तेच नाव पुस्तकात असले पाहिजे. विचार मात्र मराठीत मांडला आहे. कारण कल, वेग, विलंब आणि चूक यांचा परस्परसंबंध ज्या भाषेत मनुष्य स्वतःशी बोलतो त्या भाषेत उमगला, की तो विसरला जात नाही.

या यंत्राचा उपयोग काय, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो विचारला जाणे योग्यच आहे. रोवणीच्या चिखलात दोन चाकांचा हा लहान रोबोट चालणार नाही आणि तसा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. सपाट फरशीवर, अरुंद वाटेतून, जागच्या जागी वळत सामान वाहून नेणे हे त्याचे प्रत्यक्ष क्षेत्र आहे. परंतु त्याच्या निमित्ताने जे शिकले जाते ते त्याच्यापुरते राहत नाही. धानावर फवारणी करणारा ड्रोन हवेत स्थिर राहतो तो कल मोजणाऱ्या संवेदकांच्या आणि अशाच दुहेरी वर्तुळांच्या बळावर. राईस मिलमधील वाळवणीचे तापमान, पंपाचा दाब, मोटारीचा वेग, हे सर्व प्रत्याभरणानेच राखले जाते. ज्याने स्वभावतः पडणाऱ्या यंत्राला उभे केले त्याला स्वभावतः स्थिर असलेल्या भट्टीचे नियंत्रण कठीण वाटणार नाही. कठीण उदाहरणावर हात बसवून सोप्यांकडे जाणे हा मार्ग मी जाणीवपूर्वक स्वीकारला आहे.

बारावीपर्यंतचे गणित आणि पदार्थविज्ञान ज्याने मन लावून केले आहे त्याला हे पुस्तक वाचता यावे अशी रचना केली आहे. अवकल समीकरणांची ओळख दुसऱ्या प्रकरणात दिली आहे. ज्याला ती आधीच आहे त्याने थेट तिसऱ्याकडे जावे. यंत्रशाळांतील आणि तंत्रनिकेतनांतील शिक्षकांनी पाचव्या व सहाव्या प्रकरणांतील प्रयोग वर्गात करून घ्यावेत, आणि विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या परीक्षेच्या गुणांइतक्याच गांभीर्याने तपासाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एखाद्याचे यंत्र उभे राहिले नाही तर त्यानेही ते कोणत्या कलावर, किती वेळात आणि कोणत्या बॅटरीदाबावर पडले ते लिहून ठेवावे, कारण नीट मोजलेले पडणे हे या शास्त्रात ज्ञानच होय. अशा नोंदी तालुक्यातालुक्यांतून जमा झाल्या, त्या मराठीत लिहिल्या गेल्या आणि एकाच्या नोंदीवरून दुसऱ्याने आपले यंत्र सुधारले, तर या पुस्तकाची दुसरी आवृत्ती एकट्या लेखकाला लिहावी लागणार नाही. ती तशीच लिहिली जावी, अशी माझी इच्छा आहे.

सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया